इम्प्लांटचा दात बसवण्यापूर्वी : पहिला प्रश्न पैशाचा नको!

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. उमेदीच्या वयात दात मजबूत, पण खिसा रिकामा. पुढे मुले कमावती होतात, घरात चार पैसे येतात, तोवर निम्मे दात गेलेले असतात. आता मात्र परिस्थिती बदलली आहे. गेलेल्या दाताच्या जागी हाडात रोवलेला पक्का दात मिळू शकतो. त्याला इम्प्लांट म्हणतात. आपल्याकडे लोक त्याला ‘स्क्रूचा दात’ किंवा ‘फिक्स दात’ म्हणतात.

पिंपळनेरच्या माझ्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून, पाड्यांवरून माणसे येतात. पूर्वी म्हणणे एकच असायचे, ‘मना दात दुखी ऱ्हायना, काढी टाका.’ आता मुले सुरतेला, नाशिकला कामाला आहेत. ती मोबाईलवर जाहिरात दाखवतात आणि विचारतात, ‘असा दात बसेल का?’ त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतोच, ‘डॉक्टर, कितला पैसा लागतीन?’

वाचकहो, पैशाचा प्रश्न चुकीचा नाही. पण तो पहिला नसावा. पहिला कोणता असावा, हे मला एका मावशींनी शिकवले. त्यांची हकिगत आधी सांगते. नाव अर्थातच देणार नाही.

एका मावशींची गोष्ट

काही वर्षांपूर्वी सुरतेत कापडाच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा आईला घेऊन आला. वय साठीच्या आसपास. खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा काढलेल्या. ‘मॅडम, आईने जन्मभर आमच्यासाठी खस्ता खाल्ल्या. आता तिला भाकरी नीट चावता आली पाहिजे. कवळी-बिवळी नको, पक्के दात बसवा,’ असे तो म्हणाला. जादा पाळ्या करून त्याने पैसे साठवले होते.

मी मावशींना विचारले, ‘तंबाखू, मशेरी काही?’ मावशी पदर सावरत खाली बघू लागल्या. उत्तर मुलानेच दिले, ‘नाही हो, आमच्या आईला कसलेच व्यसन नाही.’ मी केसपेपरवर ‘नाही’ लिहिले आणि पुढे गेले. साखर उपाशीपोटीची एकदाच पाहिली, ती बरी होती.

बाहेरगावाहून येणाऱ्या सर्जनांनी दोन इम्प्लांट बसवले. चार महिन्यांनी वर कॅप बसली. मुलगा आनंदाने सुरतेला गेला. आठ-नऊ महिन्यांनी मावशी एकट्याच आल्या. एक दात हलत होता, हिरडीतून पू येत होता. एक्स-रेमध्ये दोन्ही स्क्रूंभोवतीचे हाड झिजलेले दिसले. दोन्ही काढावे लागले. तेव्हा मावशींनी हळूच सांगितले, ‘तीस वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. पोऱ्यासमोर कसं सांगू, बाई?’ तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली, तर तीही बरीच वाढलेली निघाली.

चूक मावशींची नव्हती. प्रश्न मी मुलासमोर विचारला आणि उत्तर मुलाकडून घेतले, ही चूक माझी. त्या दिवसापासून तंबाखूचा प्रश्न मी नातेवाइकांना बाहेर बसवून विचारते. आणि मनाशी एक ठरवले की, ‘किती पैसे लागतील’ याआधी ‘माझे तोंड यासाठी तयार आहे का’ हा प्रश्न पेशंटने विचारला पाहिजे. नाही विचारला, तर डॉक्टरने विचारला पाहिजे.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय?

आपल्या दाताचे दोन भाग असतात. वर दिसतो तो शेंडा आणि हाडात असते ती मुळी. कवळी किंवा ब्रिजमध्ये फक्त शेंडा मिळतो. इम्प्लांटमध्ये आधी मुळी बसवतात. ही मुळी म्हणजे टायटॅनियम धातूचा बारीक स्क्रू, साधारण सेंटिमीटरभर लांबीचा. त्यावर एक जोड बसवतात आणि त्यावर दाताच्या रंगाची कॅप. म्हणजे स्क्रू, जोड आणि कॅप असे तीन भाग झाले. हे तीन भाग लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या हिशेबात ते कामी येतील.

हाड परका धातू कसा स्वीकारते? हा शोध योगायोगाने लागला. स्वीडनमधील पेर-इंगव्हार ब्रानेमार्क हे शास्त्रज्ञ १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात रक्तप्रवाह कसा चालतो याचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. पुढे १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले. लार्सन यांचा जबडा जन्मतःच सदोष होता. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ ते इम्प्लांट टिकले. सुरुवातीला अनेक दंतवैद्यांचा यावर विश्वास नव्हता. १९८२ मध्ये कॅनडात टोरांटो येथे झालेल्या परिषदेनंतर जगभर ही पद्धत मान्य झाली.

तेव्हा हे काही कालचे खूळ नाही. योग्य पेशंटमध्ये, योग्य हातांनी बसवलेले १०० पैकी ९० हून अधिक इम्प्लांट १० वर्षांनंतरही टिकून असतात. पण ‘योग्य पेशंट’ हे दोन शब्द जाहिरातीत छापलेले नसतात.

आधी आहे तो दात वाचतो का ते पाहा

माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांची समजूत असते की, किडलेल्या दाढेवर रूट कॅनालचा खर्च करण्यापेक्षा ती काढून ‘नवीन’ बसवावी. हे म्हणजे छपराचे दोन पत्रे गळतात म्हणून घर पाडण्यासारखे झाले. नैसर्गिक दाताच्या मुळीभोवती बारीक तंतूंची गादी असते. तिच्यामुळे भाकरीत खडा आला तर लगेच कळते आणि आपण चावणे थांबवतो. इम्प्लांटला ही गादी नसते, तो थेट हाडाला चिकटलेला असतो. त्यामुळे ही जाणीव त्याला फार कमी असते. रूट कॅनाल आणि कॅप करून दाढ वाचत असेल, तर ती वाचवा. खर्चही बहुधा कमीच येतो.

दाढ काढण्यावाचून इलाज नसेल, तर मात्र पुढचा विचार काढण्याआधीच करा. दात काढल्यावर तिथल्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागते. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन-चार महिन्यांतच होते. दहा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट मागणाऱ्याला ‘हाड कमी आहे’ असे ऐकावे लागते, ते यामुळे.

हाड पुरेसे आहे का?

खांब रोवायचा तर जमीन खोल आणि टणक हवी. खाली मुरूम आहे की भुसभुशीत माती, हे शेतकऱ्याला सांगायला नको. जबड्याचेही तसेच. साध्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची कळते, पण जाडी कळत नाही. त्यासाठी जबड्याचा त्रिमिती स्कॅन करतात, त्याला सीबीसीटी म्हणतात. त्यासाठी धुळ्याला किंवा नाशिकला जावे लागले तरी जा. हा खर्च वाचवू नका.

याचे कारण असे. खालच्या जबड्यात दाढांच्या खालून एक नस जाते. ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी ती हीच. स्क्रू तिच्यावर गेला, तर ओठ बधिर होतो, कधी कधी कायमचा. वरच्या जबड्यात दाढांच्या वर हवेची पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. तिथे हाड पातळ असेल, तर आधी हाड भरून घ्यावे लागते. त्याने खर्च वाढतो आणि महिनेही वाढतात.

आणखी एक गोष्ट. हाडात छिद्र पाडताना ते थंड पाण्याच्या धारेखाली, सावकाश पाडायचे असते. हाड ४७ अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर तापले, तरी त्यातल्या पेशी मरतात. मग स्क्रूला धरणार कोण? म्हणून ‘दहा मिनिटांत काम’ यावर भाळू नका.

खरे सांगा : तंबाखू, साखर आणि औषधे

आपल्या भागात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे चौथा हिस्सा प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. त्यातही चघळण्याची, चोळण्याची तंबाखूच जास्त. बायकांमध्ये मशेरी दात घासण्याच्या नावाखाली चालते, म्हणून तिला व्यसन म्हणायला कोणी तयार नसते. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम उशिरा भरते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फसण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट असते. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत तंबाखू पूर्ण बंद हवी. खरे म्हणजे कायमचीच बंद हवी. निम्मे इम्प्लांटसाठी आणि निम्मे कॅन्सरपासून वाचण्यासाठी म्हणा.

गुटखा-सुपारी खाणाऱ्यांनी घरी एक साधी चाचणी करावी. तोंड उघडून आपल्याच हाताची तीन बोटे उभी आत जातात का पाहा. जात नसतील, तर तोंड आखडत चालले आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी अशी तोंडे मी आजही पाहते आणि त्यात विशी-पंचविशीची मुले असतात. अशांनी इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर एक दिवसही थांबू नये.

मधुमेहींना इम्प्लांट बसत नाही, हा गैरसमज आहे. साखर ताब्यात असेल, तर बसतो. पण एका सकाळची उपाशीपोटी तपासणी पुरत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी करा. ती ७ च्या आसपास असेल तर उत्तम. ८ च्या पुढे असेल, तर मी पेशंटला आधी त्याच्या फिजिशियनकडे पाठवते. दात चार महिने थांबू शकतो.

पुढील गोष्टी न विचारताही डॉक्टरांना सांगा :

– रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दात वाचवायला जाऊन हृदयावर बेतायचे.

– हाडे ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे इंजेक्शन घेतले असेल तर. यातील काही औषधांनंतर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही.

– हृदयाची झडप बदललेली असेल किंवा तोंडाला, मानेला कॅन्सरसाठी शेक दिलेला असेल तर.

– रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर. ही सवय सांगायला लोक लाजतात, पण तिने कॅप फुटते आणि स्क्रूवर ताण येतो.

शाळकरी मुलांना अपघातात पुढचा दात पडला म्हणून लगेच इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढत असतो, आजूबाजूचे दात खाली येतात आणि इम्प्लांट मात्र जागच्या जागी वरच राहतो. वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १८ ते २० वर्षांपर्यंत, काढता-घालता येणाऱ्या दातावर काम भागवावे.

‘एका दिवसात दात’ खरे की खोटे?

पूर्ण खोटे नाही, पण सर्वांसाठी खरेही नाही. स्क्रू बसवल्यावर हाड त्याला धरायला वेळ घेते. खालच्या जबड्यात साधारण तीन ते चार महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा. वरचे हाड भुसभुशीत असते म्हणून जास्त. हाड चांगले असेल, स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसला असेल, तर तज्ज्ञ त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात तात्पुरता दात देऊ शकतात. पण तो दिसण्यासाठी. त्याने शेंगदाणे, हरभरे किंवा ऊस चावायचा नाही.

तुमच्या बाबतीत घाई का करता येईल, हे डॉक्टरांनी स्कॅन दाखवून समजावले पाहिजे. ‘मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आले आहे’ हे हाडाच्या दृष्टीने कारण होत नाही. लग्नापुरता काढता-घालता दात मिळतो. फोटोत कोणाला फरक कळत नाही.

कार्ड जपून ठेवा

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी आले. त्यांनी एका मोठ्या शहरात तीन इम्प्लांट बसवून घेतले होते. काम वाईट नव्हते. फक्त एका दाताचा जोड सैल झाला होता, दात फिरत होता. तसे पाहिले तर हे दहा मिनिटांचे काम. पण प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचा खाचा वेगळा असतो आणि तो फिरवायची किल्लीही वेगळी. मी विचारले, ‘गुरुजी, कंपनी कोणती?’ त्यांच्याकडे फक्त पैसे भरल्याची चिठ्ठी होती, तिच्यावर ‘दाताचे काम’ एवढेच लिहिलेले. ज्या दवाखान्यात काम केले, तो बंद झालेला. फोन लागत नव्हता.

आम्ही एक्स-रे वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवले, अंदाज बांधला, किल्ल्या मागवून पाहिल्या. तीन आठवडे गुरुजी एका बाजूने वरण-भात खात होते. शेवटी एक किल्ली लागली. लागली नसती, तर चांगला इम्प्लांट केवळ माहितीअभावी बाद करावा लागला असता.

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असते. त्यावर कंपनी, स्क्रूचा व्यास व लांबी आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. ते स्टिकर चिकटवलेले कार्ड मागून घ्या. ते आपल्या आधार कार्डासारखे जपा, मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा. कार्ड द्यायला टाळाटाळ होत असेल, तर काम सुरू होण्याआधीच विचार करा.

आता पैशाचे बोलू

आजमितीला आपल्या भागात एका इम्प्लांटचा खर्च साधारण २५-३० हजारांपासून ५०-६० हजारांपर्यंत येतो. हाड भरावे लागले, तर त्याहून जास्त. दर ऐकताना मघाचे तीन भाग आठवा. जाहिरातीतला दर अनेकदा फक्त स्क्रूचा असतो. जोड आणि कॅप यांचे पैसे नंतर सांगितले जातात. स्कॅन, हाड भरणे आणि तात्पुरता दात यांचेही वेगळे. सगळे मिळून किती, हे कागदावर लिहून घ्या. स्क्रू हाडाने धरलाच नाही, तर पुन्हा बसवण्याचे पैसे कोण देणार, हेही आधीच ठरवा.

कमी खर्चात काम हवे असेल, तर दंत महाविद्यालयाचा पर्याय आहे. आपल्या जिल्ह्यात धुळ्याला ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालय आहे. नाशिकलाही दंत महाविद्यालये आहेत, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी हेलपाटे जास्त पडतात, पण शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते. शासकीय योजनेत किंवा विम्यात इम्प्लांट बसेल, असे गृहीत धरू नका. आधी लेखी विचारून घ्या.

शेत गहाण टाकून किंवा सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून इम्प्लांट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दात गेल्याने जीव जात नाही. दुसरे मार्गही आहेत.

दुसरे मार्ग

एकच दात गेला असेल आणि दोन्ही बाजूंच्या दातांना आधीच कॅपची गरज असेल, तर ब्रिज चांगला. पण शेजारचे दात धडधाकट असतील, तर ते घासून लहान करणे जिवावर येते. अशा वेळी इम्प्लांट सरस. बरेच दात गेले असतील, तर काढता-घालता येणारी कवळी स्वस्त पडते. ती नीट बसवून घेतली, रात्री काढून पाण्यात ठेवली, तर वर्षानुवर्षे साथ देते.

सर्व दात गेलेल्यांची खरी तक्रार खालच्या कवळीची असते. वरची टाळूला धरून बसते, खालची मात्र जिभेबरोबर नाचते. अशांनी सोळा दातांसाठी सोळा स्क्रूंची कल्पना करून घाबरू नये. हनुवटीजवळ फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. २००२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या दंतहीन जबड्यासाठी हीच पहिली पसंती असावी, असे मत दिले. माझ्या पेशंटपैकी एका आबांनी असे करून घेतले. पंधरा वर्षे ते भाकरी दुधात चुरून खात होते. आता कळण्याची भाकरी आणि ठेचा खातात. ‘भाकर तोडून खाल्ली की जेवल्यासारखं वाटतं,’ असे त्यांनी सांगितले, तेव्हा मला माझ्या शिक्षणाचे चीज झाल्यासारखे वाटले.

एक मात्र करू नका. बाजारात, रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसणाऱ्या माणसाकडून ‘फिक्स दात’ बसवून घेऊ नका. ते दात शेजारच्या दातांना मसाल्याने चिकटवलेले असतात. त्याखाली अन्न कुजते आणि चांगले दातही जातात. नोंदणी नसताना दातांचा व्यवसाय करणे १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने गुन्हा आहे. दवाखान्यात भिंतीवर राज्य दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र असते, ते खुशाल पाहा. कोणत्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.

बसवल्यानंतर काम संपत नाही

इम्प्लांट किडत नाही, हे खरे. पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, पू होतो आणि हाड झिजते. जगभरच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तर साधारण पाच पेशंटमागे एकाला कधी ना कधी हा त्रास झालेला दिसतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तो कळतही नाही. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने घासणे, दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश वापरणे आणि सहा महिन्यांनी तपासणी करणे, ही त्रिसूत्री कायमची. घासताना रक्त आले, तर ‘उष्णतेने झाले’ म्हणून सोडून देऊ नका.

बाहेरगावचे सर्जन महिन्यातून एकदा येऊन इम्प्लांट बसवत असतील, तर त्यात गैर काही नाही. आमच्याकडेही येतात. पण मधल्या २९ दिवसांत सूज आली, तर कोण पाहणार, हे नावानिशी विचारून ठेवा.

हे प्रश्न कापून ठेवा

इम्प्लांटसाठी जाताना हे प्रश्न खिशात असू द्या :

१. माझा दात वाचवता येणार नाही, याची खात्री आहे का?
२. माझे हाड पुरेसे आहे का? मला स्कॅन दाखवा.
३. माझे आजार, माझी औषधे, माझी तंबाखू यांमुळे काय धोका आहे?
४. ब्रिज किंवा कवळी केली, तर माझे काय नुकसान, काय फायदा?
५. एकूण किती महिने, किती फेऱ्या?
६. स्क्रू, जोड आणि कॅप मिळून एकूण खर्च किती? फसले तर काय?
७. कंपनीचे कार्ड मिळेल ना?
८. नंतरची देखभाल कोण करणार?

आठ प्रश्नांत पैशाचा प्रश्न सहावा आहे. तो तिथेच शोभतो.

मावशींचे पुढे काय झाले, असे वाचकांना वाटत असेल. मुलाला फोन करून मी माझी चूक सांगितली. तो काही क्षण गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘आईला रागावू नका, मॅडम.’ माझ्या वाट्याचे पैसे मी परत केले. मावशींना काढता-घालता दात करून दिला. मशेरी सुटायला वर्ष लागले. दोनदा सुटून पुन्हा लागली, तिसऱ्यांदा कायमची सुटली. साखरही आता ताब्यात आहे. पुन्हा इम्प्लांट करायचा का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, ‘नको बाई, यावरच भागतं आता.’

परवा त्या शेजारणीला घेऊन आल्या होत्या. शेजारीण खुर्चीत बसली आणि बसताच तिने विचारले, ‘डॉक्टरबाई, कितला पैसा लागतीन?’ मी काही बोलण्याआधीच मावशींनी तिच्या सुनेला दाराबाहेर पिटाळले आणि शेजारणीला म्हणाल्या, ‘पैसाचं मग. आगोदर बाईले खरं सांगी टाक.’